रुखवताचे रुमाल आणि स्ट्रँडवरचा डॉयली: कामाच्या नोंदी

७ जुलै

भाचीच्या रुखवतासाठी क्रोशाचे टेबलमॅट करायचे आज पक्के झाले. ताटाखालचे सहा मोठे, पेल्याखालचे सहा छोटे आणि टेबलाच्या मधोमध ठेवायला एक लांबट. लग्न नोव्हेंबरच्या शेवटी, तुळशीचे लग्न उरकल्यावर. म्हणजे सगळा पावसाळा हातात आहे. विणायला तो बरा, खळ द्यायला वाईट.

तिने एक काम वाढवून ठेवले आहे. रुमालांशेजारी एक छोटे कार्ड हवे आणि त्यावर या प्रकाराला ‘डॉयली’ का म्हणतात ते लिहिलेले हवे. “मावशी, लोक रुखवताचा फोटो काढतात आणि पुढे सरकतात. थांबून वाचावं असं काहीतरी दे ना.” माझ्या माहितीत लोक रुखवतापाशी थांबतात ते साखरेचा बंगला कुणी केला हे विचारायला. पण तिची हौस आहे, तर करू. आमच्या घरात याला कुणी कधी डॉयली म्हटले नाही. टीव्हीवरचा रुमाल, टीपॉयवरचा रुमाल, तांब्यावरची मण्यांची जाळी, एवढीच आमची नावे. डॉयली हा शब्द हल्ली केकच्या डब्यातल्या जाळीदार कागदामुळे माहीत झालेला.

१० जुलै

रविवार पेठेतून दोरा आणला. २० नंबर, मर्सराइज्ड, मोतिया रंगात. पांढराशुभ्र मुद्दाम टाळला. मंगल कार्यालयातल्या उजेडात तो निळसर दिसतो आणि त्याच्याखालचे टेबल उगाच कळकट वाटते. सुई सव्वा मिलिमीटरची, पोलादी. एकाच रंगाचा दोराही लॉटगणिक बदलतो, म्हणून सगळे गुंडे एकाच लॉटचे निवडून घेतले. दुकानदाराने त्यासाठी आतले खोके काढायला कुरकुर केली, पण काढले.

मर्सराइज्डमधला मर्सर हा खरा माणूस, हे भाचीला सांगितले तेव्हा तिला पटेना. लँकेशायरचा जॉन मर्सर. सुती कापड कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवले की धागा फुगतो, मजबूत होतो आणि रंग जास्त पितो हे त्याच्या ध्यानात आले, आणि १८५० साली त्याने पेटंट घेतले. चकाकी मात्र त्याच्या हातून आली नाही. पुढे १८९०च्या सुमारास होरेस लो याने तीच प्रक्रिया धागा ताणून धरून केली, तेव्हा कुठे सुताला रेशमासारखी झळाळी आली. दोऱ्याच्या नावात मर्सर राहिला, लो गेला. नाव कुणाचे टिकेल याला काही नियम नसतो. डॉयलीच्या बाबतीतही हेच निघणार असे दिसते.

१४ जुलै

मध्यभाग. दहा साखळ्यांचे कडे, त्यात चोवीस खांब, म्हणजे उभे टाके. इथून पुढे वर्तुळ सपाट ठेवायचे तर दर फेरीला किती खांब वाढवायचे, हा क्रोशातला पहिला आणि शेवटचा प्रश्न. शेजारच्या काकू म्हणतात, “खांबाला बारा, मुक्या खांबाला सहा.” त्यांना हे त्यांच्या आईने सांगितले. कारण विचारले तर म्हणाल्या, “असंच असतं.”

कारण शाळेतलेच आहे. एक फेरी झाली की त्रिज्या एका खांबाच्या उंचीने वाढते आणि परीघ त्या उंचीच्या सव्वासहा पटीने. मुका खांब म्हणजे बुटका टाका, जेवढा उंच तेवढाच साधारण रुंद, म्हणून दर फेरीला सहा वाढवले की भागते. पूर्ण खांब रुंदीच्या दुप्पट उंच, म्हणून त्याला बारा. त्यापेक्षा कमी वाढवले की कडा वर वळतात आणि वाटी होते. जास्त वाढवले की कडेला चुण्या पडतात.

भाचीला दाखवायला उरल्यासुरल्या दोऱ्याचे तीन नमुने विणले. एक सपाट, एक वाटी आणि एक चुण्यांचा. या तिसऱ्यात प्रत्येक दोन खांबांमागे एक जास्तीचा खांब घातला. चारपाच फेऱ्यांतच त्याची कडा कोंबड्याच्या तुऱ्यासारखी पिळवटली. तिला तोच सर्वांत आवडला, अर्थात. या चुणीला गणितात मोठा मान आहे. फेरीमागे ठराविक प्रमाणात टाके वाढवत गेले की जो पृष्ठभाग तयार होतो तो हायपरबोलिक. कागदाचे त्याचे नमुने हाताळताना फाटायचे. कॉर्नेल विद्यापीठातल्या लाटव्हियन गणितज्ञ डाइना टाइमिना यांनी १९९७ साली तो क्रोशाने विणला आणि विद्यार्थ्यांच्या हातात दिला. त्याच्या कितीतरी आधी, १९४०-५०च्या दशकांत, अमेरिकेतल्या बैठकीच्या खोल्यांत चुण्याचुण्यांच्या झालरींचे रुमाल साखरेच्या पाकात कडक करून उभे केलेले असत. त्यात हायपरबोलिक भूमिती आहे हे त्या बायकांना कुणी सांगितले नव्हते.

आपण मात्र सपाटच करायचे. त्यावर पेले ठेवायचे आहेत.

२१ जुलै

इंग्रजी नमुने वाचताना एक सावधगिरी लागते. ब्रिटिश पुस्तकातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब आणि अमेरिकन पुस्तकातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला पूर्ण खांब. नमुना कुठल्या देशाचा हे बघितले नाही तर सगळा रुमाल निम्म्या मापाचा होतो. म्हणून मी सरळ खुणांचे तक्ते वापरते. खांबाची खूण खांबासारखीच दिसते, साखळी लहान गोलासारखी. भाषेचा प्रश्नच नाही.

आज पहिल्या मोठ्या रुमालाचा गाभा संपला. संध्याकाळी दिवे गेले, मग काम थांबवले. मोतिया दोरा मेणबत्तीच्या उजेडात दिसत नाही.

२८ जुलै

कार्डाचे काम सुरू केले. आज तारखांच्या मागे लागले.

इंग्रजीत ‘डॉयली’ हा शब्द पहिल्यांदा येतो तो लेस म्हणून तर नाहीच, रुमाल म्हणूनही नाही. तो येतो एका लोकरी कापडाचे नाव म्हणून. जॉन ड्रायडनच्या १६७८ सालच्या एका विनोदी नाटकात डॉयली पेटीकोटचा उल्लेख आहे. हलके, स्वस्त, उन्हाळ्यात घालण्याजोगे कापड. लंडनच्या स्ट्रँड या रस्त्यावर डॉयली आडनावाच्या कापडवाल्याचे दुकान होते आणि हे कापड त्याच्या नावाने ओळखले जाई.

या डॉयलीबद्दलची सर्वांत चांगली ओळ ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात १७१२च्या जानेवारीत आली. लिहिणारा युस्टेस बजेल, विषय पैसा कमावण्याच्या युक्त्या. तो म्हणतो, तो प्रसिद्ध डॉयली अजून सगळ्यांच्या आठवणीत आहे. स्वस्तही आणि भारदस्तही दिसेल असे कापड त्याने शोधून काढले आणि त्यावर संपत्ती केली. पुढे मिश्किलपणे जोडतो, आमचा डौल काटकसरीत भागवण्याची ही युक्ती त्याने काढली नसती, तर मागचे युद्ध चालवणेही आम्हाला जड गेले असते असे म्हणतात.

स्वस्त आणि भारदस्त. सगळ्या रुखवताचे वर्णन या दोन शब्दांत बसते. कार्डावर हे आलेच पाहिजे.

आता रुमाल. १७११च्या एप्रिलमध्ये लेखक जोनाथन स्विफ्ट लंडनहून डब्लिनला लिहिलेल्या एका पत्रात सांगतो की जेवणानंतर टेबलावर जाडेभरडे डॉयली नॅपकिन मांडले होते, दोन्ही टोकांना झालर असलेले, पिण्याच्या वेळी वापरायला. लक्षात घेण्यासारखे म्हणजे ‘जाडेभरडे’. जाळी नाही, फुले नाहीत, गोल आकारही नाही. १७५५ साली सॅम्युएल जॉन्सनने शब्दकोश काढला तेव्हाही त्याने डॉयलीचा अर्थ लोकरी कापड असाच दिला आणि पहिल्या बनवणाऱ्याच्या नावावरून ते पडले असावे असा अंदाज केला. दुकानदाराला जाऊन तोवर दोन पिढ्या झाल्या होत्या. माणूस विसरला गेला होता आणि नाव कापडाला चिकटून राहिले होते.

२ ऑगस्ट

भाचीने दुसरीच गोष्ट शोधून पाठवली आहे आणि तिला तीच कार्डावर हवी आहे. गोष्ट अशी. १०६६ साली विल्यम राजाने इंग्लंड जिंकले, तेव्हा त्याच्याबरोबर रॉबर्ट डॉयली नावाचा नॉर्मन सरदार आला. राजाने त्याला जमिनी दिल्या. बदल्यात त्याने दरवर्षी तीन शिलिंग किमतीचा एक टेबलक्लॉथ राजाला द्यायचा. घरातल्या स्त्रिया तो नटवूनसजवून भरत, आणि त्यावरून अशा कापडाला डॉयली म्हणू लागले.

गोष्ट छान आहे. सरदार, राजा, भरतकाम करणाऱ्या लेकीसुना, सगळे आहे. सरदारही खरा आहे. ऑक्सफर्डचा किल्ला त्याने १०७१ साली बांधला, त्याचा बुरूज आजही उभा आहे. आडनाव नॉर्मंडीतल्या उईयी या गावावरून आलेले. सरदार आणि दुकानदार यांचे आडनाव एक, म्हणून दोघांची गाठ मारली गेली असणार. पण शब्दाचा पुरावा आड येतो. विल्यमच्या काळापासून सतराव्या शतकापर्यंत, जवळजवळ सहाशे वर्षे, या कापडाला कुणी डॉयली म्हटल्याचे दिसत नाही. हा शब्द दिसतो तेव्हा तो लिननच्या टेबलक्लॉथला नाही, तर लोकरी पेटीकोटला लावलेला दिसतो. सरदाराच्या घरचा टेबलक्लॉथ सहाशे वर्षे गप्प राहून अचानक पेटीकोट होऊन कसा बाहेर येईल?

भाचीला हे सगळे फोनवर सांगितले. ती म्हणाली, “पण दुकानदार किती बोअर आहे गं.” मला दुकानदारच आवडतो. ज्याच्या दुकानात लोक गेले, पैसे मोजून कापड घेतले आणि घरी जाऊन “डॉयलीकडचं आहे” असे सांगितले, त्याचे नाव तोंडातोंडी टिकणारच. आपल्याकडेही बाई साडीच्या दुकानाचे नाव आधी सांगते, पोत मागाहून.

एक गंमत तिला मुद्दाम कळवली. या नावाने स्ट्रँड सोडलाच नाही. रिचर्ड डॉयली कार्ट या नाट्यनिर्मात्याने १८८१ साली तिथेच सॅव्हॉय थिएटर बांधले. संपूर्णपणे विजेच्या दिव्यांवर चालणारी जगातली ती पहिली सार्वजनिक इमारत. त्याचा कापडाशी संबंध नाही, नुसता योगायोग. तिने लगेच विचारले, “मग हे कार्डावर टाकूया?” नाही टाकायचे. कार्ड हातभर होईल.

११ ऑगस्ट

दोन मोठे पूर्ण, तिसरा निम्म्यावर. श्रावणातली दमट हवा. घामेजलेल्या बोटांवरून दोरा सरकत नाही, म्हणून शेजारी टाल्कम पावडरीची वाटी ठेवते. हात धुऊन पुसले तरच मोतिया दोरा मोतिया राहतो.

कार्डासाठी आणखी थोडे वाचले. डॉयली स्ट्रँडवर धंदा करत होता त्याच काळात लंडनला हिंदुस्तानी सुती कापडाचे वेड लागले होते. स्वस्त, रंगीत, धुतले तरी टिकणारे. आपल्या छिंटेवरून इंग्रजीत ‘चिंट्झ’ आला, कालिकतवरून ‘कॅलिको’, आणि जाड्याभरड्या निळ्या कापडाला मुंबईतल्या डोंगरीवरून ‘डंगरी’. इंग्लंडच्या विणकरांचे पोट मारले जाऊ लागले तेव्हा १७०० साली आशियातून येणाऱ्या छापील सुती कापडावर बंदी आली. तेवढ्याने भागले नाही. १७१९ साली लंडनचे विणकर रस्त्यात कॅलिकोचे झगे घातलेल्या बायकांच्या अंगावर धावून जात, कपडे फाडत. मग १७२१ साली असे कापड वापरण्यावरच बंदी घातली गेली.

स्वस्तात भारदस्त दिसण्याची गरज अख्ख्या शहराला होती. ती कुणी सुरतेहून जहाज भरून आणून भागवली आणि कुणी स्ट्रँडवर लोकर विकून. कार्डावर यातले एक वाक्यही जाणार नाही, पण डंगरी आणि डॉयली एकाच बाजारातल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.

२० ऑगस्ट

जाड्याभरड्या नॅपकिनाची लेस कशी झाली? याचे उत्तर जेवणाच्या टेबलावर आहे.

अठराव्या शतकातल्या इंग्रज श्रीमंताच्या घरी मुख्य जेवण झाले की टेबलक्लॉथ उचलून नेत. महोगनीचे चकचकीत लाकूड उघडे पडे आणि त्यावर फळे, मिठाया, दारू मांडली जाई. लाकूड तर दिसले पाहिजे, पण त्यावर पेल्याचा ओला गोल उमटता कामा नये. फळांचा रस बोटांना लागणार, तो पुसायला काहीतरी हवे. म्हणून छोटा रुमाल. एकोणिसाव्या शतकात बोटे धुवायची काचेची वाटी ताटलीत येऊ लागली आणि वाटीखाली हा रुमाल. पाहुण्याने वाटी आणि रुमाल दोन्ही एकदम उचलून डावीकडे ठेवायचे अशी रीत. म्हणजे रुमाल पुसायचा राहिलाच नाही, दाखवायचा झाला. जे पुसायचे नाही त्याला भोके असली तरी चालतात.

ही वाटी आपल्या हॉटेलांत लिंबाची फोड घालून अजून येते. रुमाल मात्र वाटेत कुठेतरी गळला, त्याच्या जागी कागदी टिश्यू आला.

त्याच सुमारास, १८४०च्या दशकात, क्रोशाच्या नमुन्यांची छापील पुस्तके निघू लागली. एलेओनोर रिएगो द ला ब्रँशार्दिएर हे लांबलचक नाव त्यातले सर्वांत मोठे. १८४५पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजले, दुष्काळ पडला, आणि तिथल्या मठांतून व मदत-शाळांतून मुलीबायकांना क्रोशा शिकवला गेला. बॉबिनवरची, म्हणजे छोट्या रिळांवरची, खरी लेस विणायला वर्षानुवर्षांचा सराव आणि जड उशी लागते. क्रोशाला एक सुई आणि दोरा पुरतो, आणि हात बसला की काम झपाट्याने होते. श्रीमंतांच्या लेसची ही स्वस्त नक्कल. डॉयलीने केले तेच पुन्हा, फक्त या वेळी बनवणारी उपाशी होती.

९ सप्टेंबर

गणपतीत सुई हातात धरली नाही. मोदक, आरत्या, येणेजाणे.

गौरीला आलेल्या पाहुण्यांत एक निवृत्त अधिकारी होते. रुमाल बघून म्हणाले, “आमच्या ऑफिसात खुर्चीच्या पाठीवर टॉवेल असायचा, त्याला काय म्हणतात?” त्याचेही नाव आहे, आणि तेही असेच दुकानातून आलेले. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या रोलंड नावाच्या केशभूषाकाराने मकासर तेल बाजारात आणले. मकासर हे सुलावेसी बेटावरचे बंदर, तिथल्या मालापासून तेल बनते अशी त्याची जाहिरात. इंग्रज पुरुष डोक्याला ते चोपडून कोचावर रेलू लागले आणि गाद्या तेलकट झाल्या. मग पाठीवर क्रोशाचे रुमाल टाकायची पद्धत पडली आणि त्यांना नाव मिळाले ‘अँटीमकासर’. तेल गेले, पण साहेबाच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल अजून आहे. गृहस्थ खूष झाले. “म्हणजे आम्ही तीस वर्षं तेलाच्या बंदोबस्ताला बसलो होतो.”

१८ सप्टेंबर

अननस सुरू. मोठ्या रुमालांच्या कडेला आठ-आठ अननस घेतले आहेत. विसाव्या शतकात अमेरिकेत घरोघरी विणला गेलेला हा नमुना. आपल्याकडे आईच्या पिढीनेही खूप केला. युरोपात अननस काचघरात, भट्टीच्या उबेत वाढवावा लागे, म्हणून तो टेबलावर ठेवणे म्हणजे श्रीमंती. आपल्याकडे तो आणि त्याचे नाव दोन्ही पोर्तुगीजांनी आणले आणि कोकण-गोव्यात तो रुजला.

कृती अशी. दोन शिंपल्यांच्या मध्ये दहा लांब खांबांचा पंखा. प्रत्येक शिंपला म्हणजे दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब. पुढच्या फेरीत पंख्याच्या खांबांवर तीन-तीन साखळ्यांच्या कमानी टाकायच्या. दहा खांबांवर नऊ कमानी बसतात. त्यापुढे दर फेरीला एक कमान कमी, आठ, सात, सहा, असे करत शेवटी टोकाला एक उरते. दोन्ही बाजूंचे शिंपले मात्र शेवटपर्यंत चालू. पंखा बारीक होत जातो आणि शिंपले एकमेकांजवळ येतात, तिथे अननसाचे टोक. दोन अननसांमधली जागा त्याच वेळी रुंदावत जाते, तिथे दर फेरीला साखळ्या वाढवायच्या. इथे साखळी सैल पडली तर जाळी लोंबते आणि घट्ट पडली तर अननस आत ओढला जातो. काकू इथे सुई पाव मिलिमीटरने बदलतात. मी सुई तीच ठेवते, करंगळीवर दोऱ्याचा एक वेढा जास्त घेते.

कडेला तीन साखळ्यांचे कंगोरे. कंगोऱ्याला धुण्याचा मार सर्वांत आधी बसतो, म्हणून प्रत्येकाच्या बुडाशी मुका खांब घट्ट.

३० सप्टेंबर

एका हस्तकलेच्या दुकानात सहज दोन छोटे रुमाल दाखवले. बाईंनी निरखून बघितले, कौतुक केले आणि जोडीला ऐंशी रुपये देऊ म्हणाल्या. “आंध्रातून याच भावात येतात.”

येतात हे खरे. गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूर भागात १८४४च्या सुमारास स्कॉटिश मिशनरी जोडप्याने हे काम बायकांना शिकवले असे सांगतात, आणि तिथून टेबलमॅट आणि डॉयली जगभर जातात. २०२४मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकाच्या शेवटी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली तो प्रसिद्ध झाला, तो वाचण्यासारखा आहे. बायका घरकाम करून वर दिवसाचे सहा ते आठ तास विणत. तरी त्यांची गणना कामगार म्हणून नव्हतीच. गृहिणी फावल्या वेळात करतात, असे म्हटले की मजुरी कितीही खाली ओढता येत होती. निर्यात करणारे, कमावणारे पुरुष.

दुकानातल्या बाई वाईट नव्हत्या, त्यांनी चहा पाजला. पण रुमाल मी परत पिशवीत घातले. ‘फावला वेळ’ हे शब्द माझ्याही कामाबद्दल घरात दिवसातून एकदा कानावर पडतात.

१४ ऑक्टोबर

मोठे सहा झाले. छोटेही झाले. छोट्यांना अननस नाही, नुसता गाभा, दोन फेऱ्या जाळी आणि कंगोरे. लांबट रुमालाची सुरुवात साखळीच्या सरळ रांगेने. दोन्ही टोकांना अर्धवर्तुळे येतात, म्हणून फेरीमागचे बारा वाढीव खांब टोकांना सहा-सहा वाटायचे. बाजूच्या सरळ भागात वाढ शून्य. हिशेब सोपा आहे आणि पहिल्या फेरीत जमला की पुढे डोके चालवावे लागत नाही.

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली. आता धुणे आणि खळ.

विणून उतरलेला रुमाल बघून कुणालाही वाटेल की काम फसले. चुरगळलेला, अननस वाकडे, कंगोरे आत वळलेले. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुतला, पिळला नाही, पंच्यात गुंडाळून दाबला. खळीसाठी साबुदाणा रात्रभर भिजवून सकाळी भरपूर पाण्यात शिजवला. पारदर्शक झाला की गाळून घ्यायचा. गाळताना चमच्याने चोळायचे नाही, नाहीतर लगदा उतरतो आणि जाळीच्या भोकांत पांढरे पापुद्रे धरतात. काकू तांदळाची पेज वापरतात. पेजेने कडकपणा येतो, पण मोतिया रंगावर ती थोडी मळकट दिसते. साखरेचा पाक विचारातही घेतला नाही, रुखवतात मुंग्यांची रांग लागायची.

मग खरे काम. थर्माकोलच्या जाड तक्त्यावर कंपासाने वर्तुळे काढली, कोनमापकाने आठ भाग पाडले, वरून प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद. ओला रुमाल मध्यभागी टाचला, मग आठ अननसांची टोके आठ रेषांवर, समोरासमोरची जोडी एका वेळी ओढत. त्यानंतर एकेक कंगोरा. टाचण्या स्टीलच्या, गंज न चढणाऱ्या. एक जरी साधी निघाली तर सकाळी तिथे तपकिरी ठिपका बसतो आणि तो जन्मात जात नाही. म्हणून टाचण्यांची डबी आधी चुंबकाजवळ नेऊन पाहिली. चिकटतील त्या बाजूला.

अर्ध्या तासाने अननस उघडले. नऊ कमानी, आठ, सात, सगळ्या मोजता येतात.

८ नोव्हेंबर

कार्ड. भाचीशी शेवटची घासाघीस. तिचा सरदारासाठी अजून हट्ट होता. मी म्हटले, सरदार घाल, पण ‘दंतकथा’ असा शब्द त्याच्या आधी घाल. तिला ते कोरडे वाटले. मग तिनेच सरदार काढला. ठरलेला मजकूर असा:

“डॉयली. सतराव्या शतकात लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर डॉयली नावाचा कापडवाला होता. स्वस्त आणि तरीही भारदस्त दिसणारे लोकरी कापड विकून तो प्रसिद्ध झाला. १७११ सालापर्यंत त्याचे नाव जेवणानंतर टेबलावर ठेवायच्या झालरीच्या रुमालांना लागले होते. तेव्हा ते जाडेभरडे होते. एकोणिसाव्या शतकात त्यांची जाळी झाली आणि मग क्रोशाची सुई घेऊन घरोघरच्या बायकांनी ती विणली. हे रुमाल वधूच्या मावशीने २० नंबरच्या सुती दोऱ्यात विणले आहेत.”

शेवटचे वाक्य तिने घातले. मी फक्त दोऱ्याचा नंबर जोडला. रुखवत बघणाऱ्यांत एखादी तरी विणणारी असणार आणि तिला नेमके तेच हवे असते.

१९ नोव्हेंबर

बांधाबांध. खळ दिलेला रुमाल घडी घातला की घडीवर मोडतो, म्हणून मोठे सहा सपाट खोक्यात, प्रत्येकामध्ये बटर पेपर. लांबट रुमाल पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळला. छोटे सहा मिठाईच्या रिकाम्या डब्यात, आधी दोन दिवस उन्हात ठेवून तुपाचा वास घालवला.

भाचीसाठी चिठ्ठी ठेवली आहे. गरम भांडे थेट ठेवू नको, जाळीतून वाफ लाकडाला लागते. हळदीचा डाग पडला तर ओला असतानाच साबण लावून उन्हात टाक, ब्लीच नको. खळ वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर. आणि वापर. कपाटात ठेवू नको.

एक गुंडा उरला आहे. काकूंना तांब्यावरची मण्यांची जाळी हवी आहे, मणी त्या आणणार आहेत.